रत्नागिरीत दोन दिवस: संग्रहालय, तोफा आणि गावातली पाटी

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईहून चौघं जण दिवाळीनंतर गाडीने दोन दिवसांसाठी रत्नागिरीला येणार आहेत. नवरा-बायको, आठवीतली मुलगी आणि मराठा पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आजोबा. आजोबांना लष्करी इतिहासाची आवड, मुलीला तूर्त कशाचीच नाही, आणि ओळखीच्यांनी सांगून ठेवलंय की तिथलं म्युझियम अर्ध्या तासात संपतं. तर काय बघावं, कसं बघावं, आणि लष्करी म्हणावं असं काही आहे का?

अर्ध्या तासात संपतं हे खरं आहे. शाळांच्या सहली आणि मोठ्यांचे गट घेऊन मी बरीच वर्षं कोकणात हिंडतो आहे, आणि वीस मिनिटांत सगळी दालनं उरकून बाहेर चहाला उभी राहिलेली माणसं कायम बघतो. त्यांची चूक नाही. छोट्या शहरातलं संग्रहालय आपणहून फारसं बोलत नाही. पाटीवर ‘तलवार, १८ वे शतक’ एवढंच. कोणाची, कुठे सापडली, इथे कशी आली, काही नाही. म्हणून माझा पहिला आणि खरं तर एकच सल्ला आहे: सगळं बघू नका. चार-पाच वस्तू निवडा आणि प्रत्येकीबद्दल ‘ही इथे कुठून आली?’ हा प्रश्न धरून बसा. ‘किती जुनी?’ याचं उत्तर पाटीवर असतं आणि ते विसरायला होतं. ‘कुठून आली?’ याचं उत्तर शोधायला गेलात की वस्तूमागचा गाव, लढाई, बोट, माणूस असं एकेक हाती लागतं. वस्तूच्या तळाशी किंवा पाठीमागे रंगाने घातलेला बारीक नोंदक्रमांक दिसला तर तो टिपून घ्या. त्या आकड्यावरून कार्यालयातल्या नोंदवहीत वस्तू कधी आणि कोणाकडून आली ते निघू शकतं. नीट विचारलं तर माहिती मिळते. पहाऱ्यावरच्या दादांना आधी नमस्कार करा आणि मग विचारा, हे वेगळं सांगायला नको.

अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे तसं रत्नागिरीत काही नाही, ही अपेक्षा आधीच काढून टाका. कोकणचा लष्करी इतिहास एका छपराखाली मांडलेला नाही. थोडा सरकारी संग्रहालयात आहे, बराचसा किल्ल्यांवर उघड्यावर पडला आहे, आणि उरलेला गावागावांत चावडीच्या, शाळेच्या भिंतीत आहे. हा शेवटचा तुमच्या वडिलांच्या, म्हणजे आजोबांच्या, सगळ्यात जवळचा, पण तिथे कोणीच जात नाही.

सुरुवात थिबा राजवाड्यापासून करा, सरकारी संग्रहालय तिथेच आहे. सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं बहुधा त्या दिवशी बंद असतात. सकाळी उघडल्या उघडल्या पोहोचलात तर बसेस यायच्या आधी तासभर शांत मिळतो. लोक ‘ब्रह्मदेशाच्या राजाचा बंगला’ म्हणून बघतात आणि खिडक्यांचे फोटो काढून जातात. खिडक्या सुंदर आहेतच, अर्धगोल, नक्षीदार लाकडाच्या. पण तुमच्या वडिलांना तो युद्धकैद्याचा तुरुंग म्हणून दाखवा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांच्या फौजा आगबोटींतून इरावती नदीने वर गेल्या आणि पंधरवड्याच्या आत राजधानी मंडाले पडलं. भांडण कशावरून पेटलं? बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला सागवानाच्या तोडीवरून राजाच्या दरबाराने केलेल्या दंडावरून. दंड हे निमित्त होतं, फ्रेंचांची भीती आणि व्यापाराचा लोभ त्याच्या मागे होताच. पण ठिणगी लाकडाची. आता राजवाड्यातलं लाकूड बघा. तेही ब्रह्मदेशी सागवान असल्याचं सांगतात. मुलीला हे खिडकीपाशी उभं राहून सांगा, बसमध्ये नको.

राजा थिबाला आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा इथेच वारला. म्हणजे रत्नागिरीतल्या तीस वर्षांपैकी या वास्तूत तो राहिला जेमतेम पाच-सहा. राजाच्या वापरातल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या वस्तू मोजक्याच आहेत, आणि त्याचं कारण ‘कुठून आली’च्या उलट प्रश्नात आहे: बाकीच्या कुठे गेल्या? राणी सुपयालत १९१९ मध्ये परत रंगूनला गेली. एवढं कुटुंब इतकी वर्षं एका गावात राहतं, मग पांगतं, तेव्हा सामान घरोघरी, बाजारात, सरकारजमा असं कुठेही जातं. शहरातच शिवाजीनगर भागात राजाची समाधी आहे. राजवाड्यानंतर तिथे जा, दहा मिनिटं पुरतात. २०१६ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा म्यानमारचे उपराष्ट्रपती आणि सरसेनापती इथे येऊन गेले होते. एरवी तिथे चिटपाखरू नसतं.

राजवाड्याच्या खालच्या दालनांत मूर्ती आणि दगड आहेत. कंटाळा येईल असं वाटणारा हा भाग, पण सैनिकाने बघावा असाच. कोकणात कुठेही वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, दिसला तर तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई आणि पडलेला वीर. मधल्या पट्टीत अप्सरा त्याला उचलून नेताहेत. वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती. आजच्या भाषेत हे शौर्यपदकाचं मानपत्रच, फक्त नावाशिवाय. बहुतेकांवर अक्षर नसतं. गावकऱ्यांनी शेंदूर लावून त्याचा देव केलेला असतो आणि नाव तिथेच पुसलं जातं. कोकणच्या वीरगळांत समुद्रावरची लढाईही आहे. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची रांग कोरलेली आहे. मुंबईत राहून ते बघितले नसतील तर परत गेल्यावर एका रविवारी जा.

दगडावरची पुसट अक्षरं किंवा आकृती वाचायची एक युक्ती मुलीच्या हाती द्या. मोबाइलची बॅटरी समोरून मारली की सगळं सपाट दिसतं. ती दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारायची. खोलगट रेघांत सावली भरते आणि नक्षी वर येते. उघड्यावरच्या दगडाला हेच काम सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन करतं, म्हणून शिलालेख भर दुपारी बघायला जाऊ नये. खडू, पावडर, पाणी काहीही लावू नका. आत बॅटरी वापरायच्या आधी विचारा. चित्रांवर आणि कागदांवर तर नकोच. ही युक्ती आठवीतल्या मुलांवर हमखास चालते. एकदा ‘मला दिसलं’ झालं की पुढची दोन दालनं ती स्वतःहून बघतात.

दुपारी टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान. घर कोकणी, चौसोपी नाही, साधं. तिथे वस्तूंपेक्षा एक जुळणी महत्त्वाची: मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता तेव्हाच, १९०८ ते १९१४ या काळात, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. इंग्रजांनी दोन गावांची कैदी बदलून अदलाबदलच केली म्हणा. त्यात तिसरा कैदी जोडा: सावरकर. अंदमानातून १९२१ मध्ये आणल्यावर काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात, आणि १९२४ ते १९३७ जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर स्थानबद्ध. तुरुंगातली त्यांची कोठडी बघता येते, पण तो चालू तुरुंग आहे. ओळखपत्र न्या आणि आदल्या दिवशी परवानगीची चौकशी करा, दारात जाऊन हुज्जत घालू नका. भागोजी कीरांनी बांधून दिलेलं १९३१ चं पतितपावन मंदिर जवळच आहे. एका अर्ध्या दिवसात तीन कैद्यांची ही तीन ठिकाणं होतात, आणि राजाला आणि सावरकरांना ठेवायला सरकारने रत्नागिरीच का निवडली हा प्रश्न मुलीला विचारून बघा. नकाशा समोर ठेवला तर उत्तर तिला सापडेल: एका बाजूला समुद्र, दुसरीकडे सह्याद्री, रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद.

संध्याकाळी रत्नदुर्ग, गावातल्या लोकांच्या तोंडी भगवती किल्ला. इथे सूत्रं वडिलांच्या हाती द्या आणि तुम्ही मागे राहा. निवृत्त सैनिकाला किल्ल्यावर नेऊन इतिहास सांगण्यापेक्षा त्यालाच विचारावं: तुमच्याकडे पन्नास माणसं असती तर पहारा कुठे ठेवला असतात? पाणी किती दिवस पुरलं असतं? होडी कुठे लागू शकते? रत्नदुर्ग तीन बाजूंनी पाण्यात आहे, भगवतीचा बालेकिल्ला एका टोकावर, दीपगृह दुसऱ्यावर. मी नेलेल्या गटांत एकदा एक निवृत्त हवालदार होते. त्यांनी तटावर दहा मिनिटं उभं राहून जे सांगितलं ते मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नव्हतं: ‘शत्रू समुद्रातून येईल ही भीती नाही हो, मागच्या सड्यावरून (पठारावरून) येईल ही आहे.’ तटाचे शब्दही मुलीला तिथेच द्या. वर दातेरी दिसतात त्या चर्या, बंदुकीसाठी तिरपी भोकं त्या जंग्या, तटावर चालायची वाट ती फांजी, आणि दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांचे कोनाडे त्या देवड्या. जंगीतून डोळा लावून बघायला लावा. कुठला कोपरा दिसतो आणि कुठला झाकला जातो हे कळलं की बुरूज गोल आणि पुढे आलेला का असतो ते सांगावं लागत नाही.

तोफांविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण लष्करी वस्तू म्हणून कोकणात तुम्हाला सगळ्यात जास्त त्याच दिसतील आणि त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त थापाही तिथेच ऐकायला मिळतात. तोफ स्वतःची ओळख अंगावर घेऊन असते. बत्ती द्यायच्या भोकाच्या मागेपुढे आणि दोन्ही बाजूंच्या कानांवर (गाड्यावर टेकणारे दोन खुंट ते कान) बघा. मुकुट आणि खाली ‘जी आर’ अशी गुंफलेली रोमन अक्षरं असतील तर इंग्लंडच्या जॉर्ज राजांपैकी कोणाच्या तरी काळातली. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल. हृदयाच्या आकारात अक्षरं असतील तर ईस्ट इंडिया कंपनी. इंग्रजी तोफांवर कधी कधी मध्ये अंतर किंवा टिंब ठेवून तीन आकडे कोरलेले असतात. लोक तो तोफेचा नंबर समजतात. ते वजन आहे: पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पौंडांचा एक, दुसरा क्वार्टर, २८ पौंडांचा, तिसरा सुटे पौंड. समजा २४–२–१० असं कोरलंय. मग २६८८ अधिक ५६ अधिक १०, झाले २७५४ पौंड, म्हणजे साडेबाराशे किलोच्या आसपास. आठवीच्या मुलीला हे गणित तोफेशेजारी करायला द्या, आणि मग विचारा की एवढं धूड होडीतून उतरवून बुरुजावर चढवलं कसं असेल.

खुणा वाचता आल्या की दंतकथाही चाळता येतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत. ‘कान्होजी आंग्र्यांच्या तोफा’ म्हणून त्यांच्यापुढे फोटो निघतात. गाड्यावर मात्र इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. तो कारखाना सुरू झाला १७९१ मध्ये आणि कान्होजी वारले १७२९ मध्ये. म्हणजे गाडे तरी नक्कीच नंतरचे. याने कान्होजींचं मोठेपण तसूभर कमी होत नाही; त्यांची समाधी अलिबाग शहरातच आहे, ती बघा. उलट आंग्र्यांचं राज्य गेल्यावरही तो किल्ला इंग्रजांना का लागत होता, हा पुढचा प्रश्न उभा राहतो.

अलिबागला जाताना थांबणार असाल तर ओहोटी बघून जा, कारण कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं. पंचांग हाताशी असेल तर कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे ओहोटी सकाळी नवाच्या सुमारास. अष्टमीला सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पण अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी पुरतं हटत नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, वाट चांगली उघडी पडते, फक्त पाणी परत येतं तेही जोरात. हिशोब अंदाजापुरता, किनाऱ्यावरच्या होडीवाल्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. आजोबांचे गुडघे कुरकुरत असतील तर होडी किंवा घोडागाडी करा.

जाता जाता एक तक्रार. लोखंडी तोफेला खाऱ्या हवेने पापुद्रे सुटतात, आणि कोणीतरी उत्साहाने तिला काळा किंवा चंदेरी ऑइलपेंट फासतो. खुणा त्याखाली बुजतात आणि गंज आतून चालूच राहतो. जयंतीच्या आधी तर हे हमखास. मुलांना तोफेवर घोड्यासारखं बसवून फोटो काढणं हेही थांबायला हवं. काही जुन्या बंदरांत तोफा उभ्या पुरून त्यांना होड्यांचे दोर बांधतात. त्याचा मात्र मला राग येत नाही, ती तोफ अजून कामावर आहे.

दुसऱ्या दिवसासाठी विजयदुर्ग. रत्नागिरीहून येऊन-जाऊन अख्खा दिवस लागतो, तो द्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यातले पाच कोकणातले: रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. यांतला विजयदुर्गच मी सुचवतो, कारण होडीची वाट बघावी लागत नाही आणि मराठी आरमाराची हार-जीत दोन्ही तिथे आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचा वॉटसन समुद्रातून आणि क्लाइव्ह जमिनीवरून आला, तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. आणि तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे पोटात दुखत असलं तरी मुलीला सांगा. नंतर तिथे पेशव्यांचं आरमार उभं राहिलं आणि एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी रेंजर हे इंग्रजी जहाज लढून धरलं. त्या जहाजावर इंग्रजी फौजेतले मोठे अधिकारी होते. कर्नल हंबरस्टन जबर जखमी होऊन विजयदुर्गातच मेला. गावात धुळपांचा वाडा आहे. त्या घरात आजही माणसं राहतात, तेव्हा आधी विचारून मगच आत जावं. वाघोटणच्या खाडीत खडकात खोदलेली जहाजांची गोदीही आहे. गुराबा आणि गलबतं दुरुस्तीला जिथे ओढली जात ती जागा बघितल्याशिवाय किल्ला अर्धाच कळतो.

विजयदुर्गावर तुम्हाला ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतील आणि हेलियमचा शोध लॉकियर साहेबाने इथेच लावला असं सांगतील. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण या पट्ट्यातून दिसलं हे बरोबर. पण नॉर्मन लॉकियर तेव्हा भारतात नव्हते. त्यांनी सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून पाहिली. ते भारतात आले १८७१ च्या ग्रहणाला, आणि तेही केरळात बेकलला. वाटाड्याशी वाद घालत बसू नका. मुलीला घरी गेल्यावर शोधायला सांगा, दोन तारखा पुरतात. अशी एक दंतकथा स्वतः उकललेली मूल पुढच्या प्रत्येक पाटीकडे वेगळ्या नजरेने बघतं. पाट्या तपासायला जुनी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्यांची सरकारी माहितीपुस्तकं, चांगली: रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाबा आणि जंजिऱ्याचा १८८३ चा. इंग्रजी साहेबाच्या नजरेतून लिहिलेली आहेत हे ध्यानात ठेवून वाचा. गावोगाव किल्ले, बंदरं, देवळं, तोफांची संख्यासुद्धा त्यांत सापडते.

आता आजोबांसाठीचा भाग. मुंबई-गोवा महामार्गाने येत असाल तर माणगावात थांबा. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मुलगा, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा तो एकटा त्या ठाण्यावर चालून गेला. हातगोळा टाकला, एकाला गोळी घातली, आणि काडतुसं बदलायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. थडगं नाही; इटलीत कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. आजोबांना हे नाव सांगावं लागणार नाही, पण नातीला ते त्यांनीच सांगितलेलं बरं. महाडच्या बाजूला फौजी आंबवडे हे गाव आहे, घराघरांतून सैन्यात माणसं दिलेलं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे वेगळं, ते डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव. बाबासाहेबांचे वडील रामजी हेही सुभेदारच, आणि निवृत्तीनंतर ते काही काळ दापोलीला राहिले. ही दोन गावं लोक सर्रास एकमेकांत मिसळतात.

आणि ती पाटी. कोकणातल्या कित्येक गावांत चावडीला, शाळेला किंवा देवळाच्या भिंतीला एक छोटी संगमरवरी पाटी असते. इंग्रजीत, कुठे कुठे मराठीतही, एकाच साच्यातला मजकूर: या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे. नावं नाहीत. चुन्याच्या दर रंगकामात ती आणखी बुजते. हेच परदेशातही झालं: इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली गेली आणि हिंदी शिपायांची नुसती संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये हा भेद झाल्याचं मान्य केलं. मराठा पलटणी इराकच्या मोहिमेत होत्या; तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात ११०वी मराठा अडकली होती आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर तिची माणसं तुर्कांच्या कैदेत गेली.

नावं शोधता येतात. त्या आयोगाच्या संकेतस्थळावरच्या यादीत नोंदीबरोबर अनेकदा गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. इथे दोन अडचणी येतात. एक, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग होता (तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला) आणि आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता. म्हणून मालवणचा माणूस रत्नागिरीखाली आणि महाडचा कुलाब्याखाली शोधा. दोन, गावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर गेलं तसं आहे. खेड, चिपळूण ही ओळखू येतात, वाड्यांची नावं ओळखायला गावातलाच माणूस लागतो. मी गटांबरोबर हे काम केलंय. गावच्या पाटीवरचा आकडा आणि सापडलेली नावं क्वचितच पूर्ण जुळतात, पण दोन-तीन जरी सापडली तरी त्यांची घरं गावात निघतात.

घरांत पदकंही निघतात, बहुतेक देवघराच्या मागे किंवा पत्र्याच्या पेटीत. पितांबरीने घासू नका. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर भिंगातून बघा: सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासून घासून तीच कडा आधी जाते. तुमच्या घरात पणजोबांचं असं काही असेल तर येताना त्याच्या कडेचा फोटो काढून आणा. पलटण कळली की पुढचा शोध निम्मा सोपा होतो. मोडीतले कागद निघाले तर लॅमिनेशन करू नका, साध्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. संग्रहालयाला द्यायचे असतील तर लेखी पोच घ्या आणि सोबत कागदाची हकिगतही लिहून द्या, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी ‘हे कुठून आलं?’ विचारलं तर उत्तर असेल. शेतात जुनी नाणी सापडली तर मात्र ती परस्पर कोणाला द्यायची नाहीत. दफिन्याचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, १८७८ चा कायदा अजून लागू आहे आणि ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात.

परतीला दिवस हाताशी राहिला तर चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर बघा. १८६४ सालची संस्था, कोकणातल्या वस्तूंचं संग्रहालयही तिथे आहे. जुलै २०२१ च्या महापुरात वाचनालयात पाणी शिरलं होतं. छोट्या संस्थेने पुरानंतर पुस्तकं आणि वस्तू कशा सावरल्या हे तिथल्या लोकांकडूनच ऐका. डेरवणची शिवसृष्टी वाटेवर आहे; देखावे भव्य आहेत, मुलांना आवडतात, पण ते नव्याने केलेले पुतळे आहेत, जुन्या वस्तू नव्हेत, एवढं लक्षात ठेवून जा. आणि आजोबांना आपल्या पलटणीच्या वस्तू बघायच्याच असतील तर त्या बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातल्या संग्रहालयात. ती लष्करी हद्द आहे, तेव्हा त्यांच्या निवृत्तीच्या ओळखपत्राचा दाखला देऊन आधी केंद्राशी संपर्क साधा, आणि ती सहल या दोन दिवसांत कोंबू नका.